आक्काला सोसेल असं घर

त्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत कमरेएवढं चढलं. ते ओसरल्यावर आम्ही घरी परतलो, तेव्हा भिंतींना गाळ चिकटलेला होता, कोपऱ्यांत बुरशी धरली होती आणि कुजका वास हटत नव्हता. आक्का, माझी मोठी बहीण, पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आलेली. तिला लहानपणापासून दमा. गल्लीत ब्लिचिंग पावडर मारली तशी तिची छाती वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, "घरात पावडर नको, फिनेल नको. आणि बुरशीही नको." मग साफ कशानं करायचं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तिच्या सासरीही पाणी शिरलेलं. न्यायला दुसरं घर नव्हतं.

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे आईला वाटे, मला ठाऊक असणार. कुठंतरी वाचलेलं आठवून मी दुकानात खायचा सोडा, लिंबं आणि व्हिनेगर मागितलं.

"व्हिनेगर? चायनीजची गाडी टाकतीस व्हय गं?" दुकानदार हसला.

ते नव्हतंच. बेकरीच्या भट्टीतली राख मात्र मिळाली. आईनं कडुलिंबाचा पाला उकळला. आम्ही राखेनं फरशी घासली, सोड्यानं कोपरे, पाल्याच्या पाण्यानं भिंती पुसल्या, खाटेला लिंबाच्या साली चोळल्या. बोटांच्या चिरा झोंबायच्या. ओलं असेपर्यंत बरं वाटे. वाळलं की वास परत.

"गेला न्हवं?" आई विचारायची.

"कमी झालाय," मी म्हणायचे. मला खरंच कळत नव्हतं.

शेवटी, तोवर मागच्या अंगणात बसवलेल्या आक्काला आत आणून बसवलं. आम्ही दोघी तिच्या छातीकडेच बघत होतो. ती हळूच म्हणाली, "बरं वाटतंय की."

तेवढ्यात शेजारच्या मावशी दारात आल्या. "लिंबानं पुराची घाण जाती व्हय? सरबत करताय काय?" असं म्हणत त्यांनी मदतीत मिळालेली फिनेलची बाटली आमच्या उंबऱ्यावर रिकामी केली. स्वतःसाठी न ठेवता. पोटुशी पोरगी घरात आहे म्हणून.

आक्का उठायला गेली आणि भिंतीला टेकून नुसती तोंड उघडत राहिली. आवाजच येईना.

"मला काय ठावं गं बाई," मावशी रडवेल्या झाल्या आणि रिक्षा आणायला तशाच अनवाणी धावल्या.

सरकारी दवाखान्यात आक्काचा श्वास परत आला. पण बाळंतपण होईपर्यंत तिला घरी न्यायचं नाही, असं सांगितलं. आई परतली ती थेट उंबऱ्यावर राख टाकून घासायला बसली.

"आई, ती आता न्हाय यायची."

"बाळ घिऊन येईल की," ती म्हणाली, आणि मला पाण्याला पाठवलं.