देवरावांनी पारखलेल्या खिडक्या

देवराव शिवणकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भिलाईतल्या पावर हाउसच्या भाजीबाजारात. वांगी विकणारी बाई पाठमोरी वाकून पोत्यातून माल काढत होती. काढता काढता ती म्हणाली, "आज सुबह का माल है." समोर उभ्या असलेल्या उंच, वाळक्या माणसानं पिशवी खाली ठेवली.

"मुंह इधर करके बोलो. पीठ पीछे क्या बोलती हो?"

ती वळली आणि तेच पुन्हा म्हणाली. त्यानं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, परीक्षेच्या वर्गात खिशात हात घालणाऱ्या मुलाकडे मी पाहत असे तसं. मग एकेक वांगं उलटसुलट करून त्यानं अर्धा किलो घेतली. हा माणूस प्रसादाच्या शिऱ्यातही खडा शोधत असेल, असं मला वाटलं. पुढच्या महिन्यात मी घर बदललं, तर शेजारचं घर त्याचंच निघालं.

देवराव मूळचे आमगावकडचे. वडिलांची धानाची शेती होती. विसाव्या वर्षी ते भिलाईच्या कारखान्यात लागले, आणि भट्टीला हवा पुरवणारे अजस्र पंखे जिथं चालतात त्या खात्यात अडतीस वर्षं राहिले. तिथं शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नसे. त्यामुळे सगळे ओठांनी नि हातांनी बोलत. चहाला एक खूण, पाण्याला एक, साहेब येतोय म्हणायला कपाळावर दोन बोटं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी मी फाटकातून आत शिरले की ते बायकोकडे, वच्छलाबाईंकडे, पाहून कपाळावर दोन बोटं ठेवत. मला त्याचा अभिमान वाटे.

कारखान्याचं क्वार्टर सोडल्यावर त्यांनी रेल्वेलाइनच्या अंगाला हे घर बांधलं. खिडक्या त्यांनी स्वतः केल्या होत्या. लोखंडी अँगल कापून, खात्यातल्या एका मित्राकडून जोडून घेतलेल्या. मजबूत होत्या, पण गाड्यांच्या हादऱ्यानं भिंती बसल्या आणि चौकटी तिरक्या झाल्या. खिडकीचं दार, पल्ला, लावलं तरी एका कोपऱ्यात बोटभर फट राहायची. उन्हाळ्यात तिथून लू आणि तांबडी धूळ यायची, डिसेंबरात गार वारा. आवाज तर बाराही महिने. मालगाडी गेली की काचा दातांसारख्या वाजत.

वच्छलाबाईंचं ब्लड प्रेशर वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, गोळी देतो, पण झोप झालीच पाहिजे. झोप कुठून होणार? त्या शनिवारी कुम्हारीला मुलीकडे, मोनाकडे, जायला लागल्या. मोनाचं घर हायवेपासून आत, शांत गल्लीत. आधी शनिवार, मग शनिवार-रविवार, मग मंगळवारपर्यंत. एकदा माझ्या ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं, "बाई, मी यायले साफ सांगतलं. दिवाळीपर्यंत खिडक्या बदलल्या तं ठीक, नाई तं मी पोरीकडेच राहतो. मले मरायचं नाई या घरात जागून जागून."

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हणन? आवाज कुठी हाय, म्हणते."

त्याच संध्याकाळी देवरावांनी मला कुंपणाशी गाठलं. "मॅडम, एक विचारू? तुमाले आवाज येते का गाड्यांचा?"

"येतो की."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मलाही त्यांनी बायकोच्याच बाजूला धरलं असावं, तरी म्हणाले, "तुमाले म्हणून सांगतो. मायलेकी मिळून काईतरी शिजवून राहिल्या. मी खोलीत गेलो की बोलनं हळू होते. ओठ हालते, पण आवाज नाई. आता मोना पाठवनार हाय थो खिडक्यावाला बी तिच्याच गल्लीतला. समजून घ्या."

मी समजून घेतलं ते चुकीचं घेतलं. मला वाटलं, लेकीकडे बायको जाऊन राहते याचा राग हा माणूस असा काढतो आहे. शिवाय त्या खिडक्या त्यांनी हातानं केलेल्या होत्या. आपल्या हाताचं काम काढून फेकायचं म्हटलं की कुणालाही संशय सुचतो.

खिडक्यावाला आला. धनंजय त्याचं नाव. वडील रेल्वेत, घर मूळ नागपूरकडचं, आणि कुम्हारीत त्याचा लहानसा कारखाना होता. मोटरसायकलवरून धूळ खात आला होता, म्हणून तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. फाटकातूनच तो म्हणाला, "नमस्कार काकाजी, मोनाताईंनी भेजा है."

"पहिले दुपट्टा काढ," देवराव म्हणाले. "तोंड झाकून बोलनारा मानूस मले चालत नाई."

धनंजयनं हसून दुपट्टा सोडला आणि पिशवीतून खिडकीचा कापलेला कोपरा काढला. पांढरी चौकट, दोन काचा, मधे बोटभर मोकळी जागा, भोवती काळं रबर.

"हे प्लास्टिक होय," देवराव म्हणाले.

"हो जी, पण लूमध्ये वाकत नाही."

"अख्ख्या देशाले लोहा देनाऱ्या गावात मी घराले प्लास्टिक लावू?"

"आत लोहाच आहे, काकाजी. पट्टी असते."

देवराव आत गेले आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक घेऊन आले. जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं. ते त्यांनी चौकटीवरून फिरवलं. चुंबक चिकटलं. त्यांनी ते ओढून काढलं, दुसऱ्या बाजूला लावलं. तिथंही चिकटलं. "नमुन्यात टाकली असन पट्टी," ते म्हणाले. "घरी लावाच्या खिडकीत हाय का नाई, ते मी लावाच्या आधी पाहीन."

"पाहा जी. सब पाहा."

"आन हे दोन काचांच्या मधात काय हाय?"

"काही नाही. हवा."

"म्हंजे जे काईच नाई, थे बी तू विकून राहिला."

वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. देवरावांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, "काय म्हटलं तू आता?" त्या म्हणाल्या, "काई नाई म्हटलं." ते त्यांना पटलं नाही.

धनंजय चांगला कारागीर होता. त्यानं सरकती खिडकी नको म्हणून स्वतःच सांगितलं, जरी ती लावायला सोपी असते. "सरकायला पल्ल्याला जागा लागते, काकाजी. जागा आली की हवा आली, हवा आली की आवाज आला. बाहेर उघडणारी घ्या. मूठ फिरवली की रबरावर दाबून बसते." देवरावांना यातही डाव दिसला, जो माणूस सोपं काम सोडून अवघड सुचवतो, त्याचं काहीतरी असतंच. शेवटी ठरलं असं की, मागच्या खोलीत एकच खिडकी बसवायची. देवराव ती आपल्या पद्धतीनं पारखतील. पास झाली तर बाकीच्या. नापास झाली तर, त्यांनी बायकोसमोर सांगितलं, कुणी खिडकीचं नाव काढायचं नाही.

वच्छलाबाई त्या शनिवारी घरीच थांबल्या. त्यांनी कुम्हारीला न्यायची पिशवी खुंटीवरून काढली नाही, एवढं मी पाहिलं.

खिडकी बसली. चौकट आणि भिंत यांच्यात धनंजयनं वाळून घट्ट होणारा फेस भरला, तोही देवरावांनी वाळल्यावर नखानं टोचून पाहिला. मग परीक्षेचा दिवस. दुपारी तीनला मला बोलावणं आलं. "तुम्ही मास्तरीण होय," देवराव म्हणाले, "तुम्ही खोटं बोलनार नाई." मला ती थोडी धमकीसारखी वाटली.

पहिली परीक्षा वाऱ्याची. त्यांनी उदबत्ती पेटवली आणि नव्या खिडकीच्या चारही कडांवरून हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात राहिला. तीच उदबत्ती समोरच्या खोलीतल्या जुन्या खिडकीच्या कोपऱ्याशी नेली, तर धूर आडवा झाला आणि आमच्या डोळ्यांत गेला. देवराव तीनदा मागे-पुढे गेले. तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडावर कारखान्यातला माणूस उमटला, चांगलं काम पाहून खूश झालेला. "हवा तं बंद हाय," ते म्हणाले. "यात फसवनूक नाई."

दुसरी परीक्षा आवाजाची. त्यांनी ती रात्रंदिवस विचार करून ठरवली असावी. आधी जुन्या खिडकीच्या खोलीत, मग नव्या. तिघांनी उभं राहायचं आणि गाडी ऐकू आली की हात वर करायचा. कुणी कुणाला खूण करू नये म्हणून तिघांची तोंडं तीन भिंतींकडे. धनंजयला त्यांनी फाटकाबाहेर पाठवलं.

"शाळेतल्यावानी भिंतीकडे तोंड कावून?" वच्छलाबाई म्हणाल्या. त्या तेव्हा भिंतीकडे वळलेल्याच होत्या. देवरावांनी उत्तर दिलं नाही.

आम्ही उभे राहिलो. माझ्यासमोर कॅलेंडर होतं. थोड्या वेळानं लांबून इंजिनाचा भोंगा आला. मी हात वर केला. मग रुळांची घरघर, ती वाढत गेली, जुन्या काचा वाजू लागल्या. चाळीस वर्षं मी मुलांना परीक्षेत मान वळवू नका म्हणून सांगितलं, आणि त्या दिवशी मी स्वतः वळवली. वच्छलाबाईंचा हात वर होता. देवरावांचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते. ते शांत उभे होते, वाट पाहत.

मालगाडी अर्धी निघून गेली तेव्हा जमीन थरथरली असावी, कारण ते वळले. आमचे वर झालेले हात त्यांनी पाहिले.

"गाडी यायच्या आधीच हात वर," ते ओरडले. "मले मालूमच होतं. दोघी मिळून—"

मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. बाहेर डबे चालले होते, एकामागून एक. धडधड एवढी होती की साधं बोलणं कुणालाच ऐकू आलं नसतं. देवराव ते डबे पाहत राहिले, शेवटचा जाईपर्यंत.

माझ्या वर्गात दरवर्षी एखादं तरी असं मूल असे. चिडकं, भांडखोर, दुसरे आपल्यालाच हसतात असं समजणारं. मी त्याला पहिल्या बाकावर बसवून पाहायची, आणि चारपैकी एकदा तरी दोष कानांत निघायचा. इतकी वर्षं शेजारी राहून हे मला दिसलं नव्हतं. ओठ हलतात, पण आवाज नाही, असं ते मला कुंपणाशी स्वतः म्हणाले होते.

वच्छलाबाईंचा हात अजून वरच होता. तो त्यांनी खाली घेतला आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, अगदी तोंडासमोर. सावकाश म्हणाल्या, "मी स्वयपाकघरातून हाक मारतो, तं तुमी येत नाई. मले वाटे, मुद्दाम."

"तू हाक मारते?" देवराव म्हणाले.

"रोज मारतो."

ते खुर्चीवर बसले. बाहेरून धनंजयनं विचारलं, "काकाजी, पास की नापास?" वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे पाहून त्यांचीच खूण केली, कपाळावर दोन बोटं. देवरावांनी फाटकाकडे पाहिलं आणि हातानं त्याला आत बोलावलं.

"मले यातलं समजत नाई," ते त्याला म्हणाले. "जिले आवाज येते, तिनंच निवडावं. तू तिले इचार."

वच्छलाबाईंनी निवडल्या: झोपायच्या खोलीला दोन काचांची, समोरच्या खोलीला तशीच, स्वयंपाकघराला मात्र साधी, कारण तिथून त्यांना दूधवाल्याची हाक ऐकायची असते. प्रत्येक चौकटीवर लावायच्या आधी चुंबक फिरलं. ते देवरावांनी सोडलं नाही. जुनी एक खिडकी त्यांनी गंज घासून, तेल लावून मागच्या भिंतीला टेकवून ठेवली.

कानाच्या डॉक्टरांकडे त्यांना न्यायला मला दोन महिने लागले. "मशीन विकनारा सगळ्यायलेच बहिरं म्हननार," असं त्यांचं म्हणणं. शेवटी ते एका अटीवर आले. तपासणीच्या खोलीत तोंड भिंतीकडे करून बसायचं आणि वच्छलाबाईंनी मागून बोलायचं. त्या काय बोलल्या ते मी दाराबाहेर असल्यामुळे मला कळलं नाही. बाहेर येताना देवराव तपासणीचा कागद हातात घेऊन वाचत होते, आणि वाचून झाल्यावर त्यांनी तो मला दिला, बरोबर आहे का पाहायला.

दिवाळी होऊन गेली. वच्छलाबाई आता महिन्यातून एकदा कुम्हारीला जातात आणि संध्याकाळच्या बसनं परत येतात. मशीन देवरावांच्या डाव्या कानात असतं. भाजी अजून तेच आणतात, बुधवारी आणि शनिवारी, पावर हाउसहून.