कागदावरची दोन वर्षं

माझा वाढदिवस एक जूनला येतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचाही त्याच दिवशी यायचा. पुढे तलासरीच्या एका पाड्यावर शिकवायला लागले, तर तिथेही तेच. जूनमध्ये शाळा उघडते, जन्माचा दाखला कुणाकडे नसतो, मग गुरुजी एक जून लिहून मोकळे. वर्ष ठरायचं हातावरून. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा, बोटं डाव्या कानाला टेकली की मूल सहा वर्षांचं. आमच्या गावच्या, चिखल्याच्या शाळेत माझी बोटं टेकली तेव्हा आई म्हणे हसली होती, कारण मला सहावं लागायलाही अवकाश होता. या सगळ्याची मला आजवर गंमतच वाटत आली.

हल्ली शाळेत आम्हा शिक्षकांच्या गप्पांत फोनवर वय तपासायच्या कायद्यांचा विषय हमखास निघतो. अठराच्या आतल्या मुलांना नको ते दिसू द्यायचं नाही, परक्या माणसांना त्यांच्याशी बोलू द्यायचं नाही. मी त्या बाजूची. पाचवीतल्या एका मुलीने फोनवर काय पाहिलं ते मला सांगितलं, तेव्हा मी डबा तसाच बंद करून ठेवला होता. वय तपासा, आधारकार्ड मागा, असं मी तावातावाने म्हणायचे.

डहाणूत आमच्या घराला लागून चिकूची वाडी आहे. तिथे तलासरीकडून कामाला येणारी एक बाई एका दुपारी आपल्या मुलीला हाताला धरून माझ्या ओट्यावर आली.

"बाई, ही पोर कोणाशी बोलत नाय. नुसती फोन घेऊन बसते नि रडते. तुम्ही विचारा."

मुलगी नुकतीच बारावी झालेली. मी विचारलं तर तिने फोनच माझ्या हातात दिला. तिच्या ॲपवर आधी अनोळखी लोकांना बंदी होती. जूनमध्ये तिला अठरा पूर्ण झाली, ॲपने आधारकार्ड मागितलं, तिने दाखवलं आणि बंदी उठली. मग वापीचा कुणीतरी बोलायला लागला. आधी कौतुक, मग फोटोंची मागणी. अर्धं गुजराती, अर्धं हिंदी. शेवटी लिहिलं होतं, "अठरा की हो गई ना? फिर डर कैसा? रविवार को उमरगाम स्टेशन आ जा."

"तुला जायचंय?" मी विचारलं.

तिने मान हलवली. नाही. "पण मी मोठी झाली ना आता, बाई. फोननेपण मानलं."

"कोण मोठी?" तिची आई एकदम उसळली. "शेजारणीचा पोरगा नि ही एकाच आठवड्यात झाली. तो दवाखान्यात, ही घरी. त्याच्या दाखल्यावर आता सोळा हाये. मी कामाला जायची, घरी बघायला कोण नव्हतं, म्हणून हिच्या मोठ्या बहिणीच्या मागे हिला शाळेत धाडली. बहीण बोलली, मान वाकव. वाकवली, पोचला हात."

मुलगी आईकडे बघतच राहिली. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायची कधी वेळच आली नव्हती. इतकी वर्षं ती कागदावरचं वय आपलं म्हणून जगत होती.

मला भीती वाटली ती याची, की इथे कुणी खोटं बोललं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावरून काढलेलं कार्ड खरं होतं, तपासणी चोख झाली होती, आणि तरी सोळा वर्षांची पोर त्या माणसाच्या पुढ्यात उभी होती. तपासणी नकोच, असं मी आजही म्हणणार नाही. पण माझा तावातावाचा सूर त्या दुपारी उतरला तो उतरलाच.

मग मुलीने मला विचारलं, "म्हणजे बाई, मी अजून त्याला ‘नाही’ म्हणू शकते?"

अठरा झाली म्हणजे नाही म्हणायची मुदत संपली, असं धरून ती इतके दिवस रडत होती.

तिच्या आईने माझी वाट पाहिली नाही. "अगो, अठराची झालीस तरी ‘नाय’ म्हणायचं. म्हातारी झालीस तरी म्हणायचं."

मुलीने माझ्या हातून फोन घेतला आणि आमच्यासमोरच त्याला ‘नाही’ असं लिहायला लागली.