धूलिया, कॅन्देश

त्या रविवारी आम्ही नानांना इंग्लंडमधलं एक खेडं दाखवायला नेलं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझा नवरा सुभाष तिकडे उत्तरेला एका हॉस्पिटलात डॉक्टर होता, आणि नाना म्हणजे माझे सासरे, अमळनेरजवळच्या गावातून पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते.

आले होते म्हणजे... सुभाषने आणलं होतं. सासूबाई गेल्यावर ते गावी एकटेच होते. शेत बटाईने दिलेलं, घराला कुलूप. त्यांनी आता कायमचं इथेच राहावं, असं सुभाषच्या मनात होतं. नाना हो म्हणत नव्हते, नाही पण म्हणत नव्हते. सकाळी उठून मफलर गुंडाळून खिडकीशी बसायचे.

खेडं छान होतं. दगडी घरं, एक ओढा, त्यावर पूल. पण रस्त्यावर माणूस दिसेना. नाना म्हणाले, "बठ्ठा वावरमा ग्यात का?" सगळे शेतात गेलेत का... आता त्यांना काय सांगणार, की सगळे घरात टीव्ही बघत असतील!

आधी एक किल्ला पाहिला. किल्ला कसला, टेकाडावर उभा एक बुरूज. आपला पारोळ्याचा किल्ला बरा, असं नानांचं मत पडलं. मग एक जुना मठ. कुठल्याशा राजाने त्याचं छप्पर उतरवून नेलं होतं, नुसत्या उंच कमानी उरल्या होत्या आणि आत मेंढ्या चरत होत्या. नानांनी मेंढ्या मात्र बारकाईने पाहिल्या. लोकर, पाय, सगळं.

शेवटी गावातलं चर्च. आमची चार वर्षांची रेवा कंटाळली होती, सुभाषला परतायची घाई होती. पण दार उघडं होतं आणि आत एक म्हाताऱ्या बाई फुलं लावत होत्या, म्हणून शिरलो.

भिंतीवर पितळी पाट्या होत्या. मी आपली सहज वाचत चालले होते... आणि एका पाटीपाशी थांबले. कंपनी सरकारच्या काळातला एक तरुण लेफ्टनंट. तापाने मृत्यू. ठिकाण, धूलिया, कॅन्देश. खाली लिहिलेलं, दुःखी आईने ही पाटी बसवली.

मला क्षणभर कळेचना. मग लक्षात आलं, हे तर खानदेशातलं धुळे! माझं माहेर. ज्या गावात मी शाळेत गेले, सायकल शिकले, त्याचं नाव इथे, या थंडगार भिंतीवर.

मी सुभाषला हाक मारली. नानाही आले. "काय लिखेल शे व माय?" मी सांगितलं. नाना पाटीकडे बघत राहिले. मग विचारलं, "हाऊ कोना पोऱ्या व्हता?"

हा कोणाचा मुलगा, ते त्या फुलं लावणाऱ्या बाईंनाही नीट माहीत नव्हतं. त्या घराण्यातलं गावात आता कोणी उरलं नाही, म्हणाल्या. लहानपणापासून ही पाटी त्याच पुसत आल्या होत्या, पण हे धूलिया आहे तरी कुठे, ते कधी कळलं नव्हतं. मी म्हटलं, आम्ही तिथलेच. त्या हातातली फुलं खाली ठेवून खुर्चीवर बसल्याच.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. तो आई-बापापासून इतका लांब गेला... त्याच्याजवळ कोणी असेल का हो?

आता याचं उत्तर आम्हाला कुठून ठाऊक असणार? सुभाष तसं सांगणारही होता. पण मी नानांना प्रश्न समजावून सांगितला, आणि नाना थेट त्या बाईंकडे बघून बोलले. "त्याले कोनीतरी पानी पाजं व्हई. आपलाकडे आजारी मानूसले कोनी तसं टाकी देत नही."

मी इंग्रजीत सांगितलं. कोणीतरी पाणी पाजलं असेल, आमच्याकडे आजारी माणसाला कोणी असं टाकून देत नाही. बाईंनी नानांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नाना अवघडून उभे होते, पण त्यांनीही हात काढून घेतला नाही.

परतताना गाडीत नाना म्हणाले, "माले घर जानं शे."

सुभाषने गाडी बाजूला घेतली. त्याला वाटलं, पाटी बघून हे घाबरले, परमुलखात मरण नको म्हणताहेत. तो समजूत घालायला लागला, की मी स्वतः डॉक्टर आहे, इथे तुम्हाला काही होऊ देणार नाही. नानांनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाले, "मरानं काय, ते कोठे बी येई. पन मी आठे ऱ्हायनू ते गावनं घर बंद व्हई. मंग तुम्ही कोनाकडे येशात?"

आपण इथे राहिलो तर गावचं घर बंद होईल, मग तुम्ही कोणाकडे येणार, असं ते विचारत होते. सुभाषने गाडी पुन्हा रस्त्याला लावली. तो रागावला होता, नंतर चार दिवस धुसफुसत होता. शेवटी त्यानेच तिकीट काढलं.

गावात लोकांनी आम्हाला बोल लावले, म्हाताऱ्याला ठेवून घेतलं नाही म्हणून. नानांना एकटेपणा जाणवत नव्हता असं मी म्हणणार नाही. पहिल्या हिवाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा ते खूप वाळलेले दिसले... पण ओटा सारवलेला होता, आणि रेवासाठी हरभऱ्याचे डहाळे आणून ठेवले होते.

मग दर हिवाळ्यात जात राहिलो. ते असेपर्यंत एकही वर्ष चुकलं नाही. रेवा अहिराणी शिकली ती त्या ओट्यावर, आणि आज तिचं मराठी माझ्यापेक्षा गावरान आहे. सुभाषलाही दोन-तीन वर्षांनी कधीतरी पटलं असावं. तसं तो बोलला नाही, पण तिकिटं तो आता उन्हाळ्यातच काढून ठेवायचा.

नाना एकटे राहायला परत गेले, असं तेव्हा सगळे म्हणायचे. ते आमची वाट बघायला परत गेले होते, हे मला फार उशिरा कळलं. कोणीतरी वाट बघत बसलं, म्हणून आम्हाला गाव राहिलं.