सनाबिसचा तरवड

सासूबाईंना मी आत्या म्हणते. माणदेशातल्या घरी त्या एकट्याच राहायच्या. एकदा न्हाणीत घसरल्या, पाय मोडला आणि शेजारीण दूध द्यायला येईपर्यंत तशाच पडून होत्या. पाय सांधल्यावर आम्ही त्यांना इकडे आखातात, सनाबिसला आणलं. आता यांना परत एकटं राहू द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. पण ते आत्यांना कोण सांगणार? पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, "नवरात्राला मी गावी जाणार. हितं तरवड न्हाई. तरवडाच्या माळंबिगर घट बसवायचा व्हय?"

आमच्या भागात घटावर रोज तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ चढते. पाऊस असो नसो, माळावर तरवड फुललेला असतोच. नवरा म्हणाला, "आई, झेंडू मिळतो की इथं. विमानानं येतो." आत्यांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्यानं ऑफिसला गेला.

मार्चमध्ये इमारतीमागच्या रिकाम्या प्लॉटवर, लोक गाड्या लावतात तिथं, मला वाळूत पिवळी फुलं दिसली. पानंही तरवडासारखीच, जोडीजोडीची. भाजीची पिशवी बाजूला ठेवून मी तिथंच फतकल मारली. मग शेंगा पाहिल्या. तरवडाची शेंग सरळ असते, ही कोयत्यासारखी वाकडी. तरवड कमरेला लागतो, हे झुडूप जमिनीलगत पसरलेलं. फोटो काढून फोनला विचारलं, तर उत्तर आलं, सोनामुखीची रानटी जात. म्हणजे तरवडाच्या भावकीतलं, पण तरवड नव्हे. मी म्हटलं, भावकी तर भावकी, चालवून घेऊ.

एक रोप उपटायला गेले तर मूळ काही संपेना. शेवटी तुटलंच, आणि संध्याकाळपर्यंत रोपानं मान टाकली. "खलास?" नवऱ्यानं विचारलं. मला असा राग आला की दुसऱ्याच दिवशी मी वाळक्या शेंगा गोळा करून आणल्या. नुसतं पेरून काही उगवलं नाही. बी दगडासारखं टणक. पॉलिश पेपरवर घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं तेव्हा कुठं कोंब आले. तेलाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून, निम्मी वाळू भरून, ते मी गच्चीवर मांडले. उन्हात त्यांची दया येऊन रोज पाणी घालत होते, तर पानं पिवळी पडायला लागली. मग हात आखडता घेतला. जुलैत आमचा एसी बंद पडला, पण ती झाडं तशीच उभी. त्यांचं मला फार कौतुक वाटायचं.

आत्यांना गच्चीचा जिना चढवत नव्हता, ते एक बरं होतं. घट बसायच्या सकाळी मी डहाळ्या खाली आणल्या, पण आधी त्यांच्यावरची एकूण एक शेंग खुडून कचऱ्यात टाकली. आत्यांनी एक डहाळी हातात फिरवली, पान चुरगळून हुंगलं.

"फूल बारकं हाय गं."

"इथल्या मातीत तेवढंच होतं, आत्या."

"व्हय?" म्हणाल्या आणि सुईदोरा मागितला.

मग रोज तेच. मी शेंगा खुडून डहाळ्या आणायची, त्या माळ ओवायच्या. गावी जायचा विषय त्यांनी काढला नाही आणि विचारायची माझी हिंमत होईना.

शेवटची माळ चढवून झाली तरी आत्या घटासमोरून उठल्या नाहीत.

"शेंगा कुठं टाकतीस?"

मी समईत तेल घालायला लागले.

"वाकड्या असतील. तरवड काय मला नवा हाय?"

"आत्या, तुम्ही जाल म्हणून मी..."

"ते कळलं मला पैल्याच दिशी. देवीलाबी कळतंय आपण कुठं आलोय ते." त्यांनी उरलेला दोरा बोटाला गुंडाळला. "पर शेंगा टाकायच्या असत्यात व्हय, येडे? फुडल्या नवरात्राला पेरायला बी कुठनं आणायचं?"

मला रडूच फुटलं. तशीच अनवाणी गच्चीवर पळाले. कडेच्या डब्यात पानांखाली एक हिरवी शेंग माझ्या हातून सुटली होती. ती झाडावरच ठेवली, वाळायला.