एका बिस्किटाची पद्धत

आमच्या पाया लेबार भागातल्या कॉन्डोत समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दरवर्षी लेकीकडे नेदरलँड्सला जातात आणि येताना तिकडची एखादी पद्धत घेऊन येतात. यंदा बिस्किटाची आणली. कॉफीबरोबर पाहुण्यापुढे डबा धरायचा आणि त्याने एक उचललं की लगेच झाकण लावायचं. "तिकडे असंच असतं गं," म्हणत त्या झाकण इतक्या ठामपणे दाबतात, की माझी बोटं दचकून मागे येतात. याच काकू पूर्वी मी नको नको म्हणत असताना ताटात तिसरी पुरणपोळी टाकायच्या!

गेल्या आठवड्यात लेक आणि डच जावई आले. मलाही कॉफीला बोलावणं होतं. जावयाने एक बिस्कीट घेतलं आणि शहाण्यासारखा हात आवरला. मी झाकणाची वाट बघत होते. काकूंनी अख्खा डबाच त्याच्या मांडीवर ठेवला. "वन मोअर, फॉर मी!"

"काकू, तिकडची पद्धत?" मी विचारलं.

"अगं, बिचारा जन्मभर एकेका बिस्किटावर वाढलाय!" काकू कळवळून म्हणाल्या.

मी हळूच डब्याकडे हात नेला. काकूंनी जावयाच्या मांडीवरच झाकण लावलं.