विसरभोळ्या वन्सं

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, घरात भारी चोख. कुलूप लावलं तरी पुन्हा पुन्हा ओढून बघतील. गॅस बंद केलास का, हे मला जिन्यातून परत येऊन विचारतील. आणि शाळेत त्यांना काय म्हणायचे, माहीत आहे? विसरभोळ्या बाई! पहिलीच्या पोरांना इंग्रजी शिकवायच्या आणि रोज काहीतरी विसरून वर्गात जायच्या. आज खडू नाही, उद्या डस्टर नाही, परवा तर बसायला खुर्चीच नाही. मग सगळी पोरं आरडाओरडा करत धावायची. "टीचर, चॉक! टीचर, चेअर! सिट डाउन, टीचर!" हे ऐकून माझं डोकं फिरायचं. अहो, पगार कशाचा घेता मग?

बरं, पोरांना मात्र नियम कडक. कात्री, डिंक, रंगीत कागद सगळं वन्संच्या कपाटात. नुसता हात पुढे केला तर काही मिळायचं नाही. "व्हॉट डू यू वॉन्ट?" असं त्या खणखणीत आवाजात विचारणार आणि नाव घेऊन मागितल्यावरच देणार.

आमची लेक चिमणी त्यांच्याच वर्गात. घरी तिच्या तोंडाला खळ नसायची आणि शाळेच्या फाटकात शिरली की तोंडाला कुलूप. अख्खं वर्ष सरत आलं तरी तिने शाळेत एक शब्द काढला नाही. तिची वस्तू शेजारची मैत्रीण मागून द्यायची. पोरं तिला 'मुकी' म्हणायला लागली होती. आता माझा स्वभाव तापट, मी काय गप्प बसणार? मी चित्रांचं पुस्तक आणलं, चित्राखाली मराठीत उच्चार लिहिलेला, कारण मला तरी इंग्रजी कुठे येत होतं! भाजी चिरता चिरता मी पान उघडून तिच्या नाकासमोर धरायची. "बोल, हे काय? बोल ना!" ती माझ्याकडे बघत राहायची.

वन्सं म्हणायच्या, "अगं, चित्रात पट्टी आहे हे तुला दिसतंय, तिलाही दिसतंय. मग विचारतेस कशाला? गरज पडली की बोलेल."

"कधी पडणार गरज? लग्नात?"

वन्सं हसायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी मोठ्या सरांचं बोलावणं आलं. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. ते म्हणाले, मुलगी बोलत नाही, तिला पुढच्या वर्गात कसं पाठवायचं? बाई तिची आत्या, म्हणून मीच परीक्षा घेतो. वर्ग पुढे जाणार, ती मैत्रीण पुढे जाणार आणि माझी पोर एकटी मागे. मुकी हे नाव मग जन्मभर चिकटलं असतं तिला.

शाळा सुटल्यावर आम्ही रिकाम्या वर्गात बसलो. वन्संना तोंड उघडायची मनाई होती. त्या कोपऱ्यातल्या पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसल्या होत्या. मोठ्या सरांनी टेबलावर पट्टी, कात्री, डिंकाची बाटली मांडली.

"व्हॉट इज धिस?"

चिमणी आपल्या बुटांकडे बघत उभी.

"आणि हे? व्हॉट इज धिस?"

काही नाही. मी मनात म्हणत होते, बोल गं बाई, एवढं तरी बोल. सरांनी सुस्कारा सोडला, निकालाचा तक्ता उघडला आणि पेन काढलं. पेन उठेना. झटकलं, कोपऱ्यात गिरगटून बघितलं, तरी उठेना. ते खिसे चाचपायला लागले.

तेवढ्यात चिमणी हलली. दप्तर उघडून तिने पेन्सिल काढली, टोक आहे का ते बघितलं आणि सरांसमोर धरली.

"पेन्सिल, सर. टेक."

अगं आई गं! तिला मागे ठेवायला लागणारी पेन्सिल तिनेच दिली!

"थँक यू," सर सवयीने म्हणाले आणि लिहायला लागले. एक ओळ लिहून झाली आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी पेन्सिलीकडे बघितलं, मग चिमणीकडे. मग त्यांनी नुसता हात पुढे केला.

चिमणी जागची हलली नाही. दप्तर पोटाशी धरून, अगदी वन्संच्या आवाजात तिने विचारलं, "व्हॉट डू यू वॉन्ट, सर?"

मोठे सर खाकरले. "इरेझर. इरेझर, प्लीज."

"इरेझर. टेक."

त्यांनी लिहिलेलं खोडलं. कागद फाटेल की काय इतकं घासून खोडलं. कोपऱ्यात वन्सं डोळे पुसत होत्या.

जिन्यात मी त्यांचा हात धरला. "वन्सं, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम विसरत होता ना?"

"नोकरीला नवीन होते, तेव्हा एकदा खरंच खडू विसरले," त्या म्हणाल्या. "घाबरून रडवेली झाले होते. त्या दिवशी पोरं पहिल्यांदा आपणहून इंग्रजीत बोलली. मला मदत करायला. मग म्हटलं, रोजच विसरावं."

मला रडूच कोसळलं. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी ते चित्रांचं पुस्तक माळ्यावर टाक."

टाकलं. वन्सं आता निवृत्त झाल्या, चिमणीही मोठी झाली. पण माझ्या लेकीचा आवाज मला त्यांनी मिळवून दिला, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. कोणी कंटाळलं तरी सांगते.

परीक्षेच्या त्या संध्याकाळी मी सगळ्यांची ताटं वाढली आणि चमचे आणले नाहीत. जेवायला बसले आणि इकडे तिकडे बघत नुसता हात पुढे केला.

"व्हॉट डू यू वॉन्ट, आई?"

"ते गं, ते... काय म्हणतात त्याला?"

"स्पून!" चिमणी ओरडली आणि स्वयंपाकघरात पळाली. वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून हसल्या. दुसऱ्या दिवशी मी पाण्याचे पेले विसरले.