पेढ्यांची ओळ

तुमचा छळ करणाऱ्या माणसाचा हात यंत्रात तुटला, तर तुम्ही पेढे वाटाल का?

मी वाटायला निघालो होतो. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. उधन्याच्या आमच्या लूम कारखान्यातला मुकादम पाळी सुरू झाली की शेडला बाहेरून कुलूप घालायचा. पाण्याला जातो म्हटलं तर शिव्या. कुलपाविरुद्ध बोललो म्हणून त्यानं आम्हा चौघांना कामावरून काढायला लावलं. तीन महिन्यांनी लूमच्या पट्ट्यात त्याचाच उजवा हात गेला. मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. वाचायलाच मी कामगार चळवळीतल्या वडिलांच्या पत्रकांवर शिकलो होतो.

छापखाना एका म्हाताऱ्या काकांचा. ते अलिबागकडचे बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे ज्यू. वडिलांची पत्रकंही त्यांनीच छापलेली. माझा मजकूर वाचून त्यांनी चष्मा काढला.

"कुलपाचं खरं आहे, त्याचे खिळे जुळवतो. शेवटची ओळ नाही जुळवणार."

शेवटची ओळ होती : मुकादमाचा हात गेला, पेढे वाटा!

"भ्यालात काय, काका?"

"भ्यालो असतो तर तुझ्या बापाचं एक अक्षर छापलं असतं? ऐक. आमच्या वल्हांडणाच्या सणाला मनुकांचं सरबत असतं. आम्हाला गुलाम करणाऱ्यांवर कोसळलेलं एकेक संकट म्हणायचं आणि दर वेळी प्याल्यातला एक थेंब काढून टाकायचा. माणसं मेली ना, मग आपला प्याला काठोकाठ कसा ठेवायचा?"

"म्हणजे सुटल्यावर तुमचे लोक गायलेच नाहीत?"

"गायले की! सुटलो म्हणून गायले. पण देवदूत गायला लागले तेव्हा देवानं त्यांना गप्प केलं, अशी आमच्यात गोष्ट आहे. आमच्या पाठलागात समुद्रात बुडणारीही त्याचीच लेकरं." मग म्हणाले, "दुष्ट मेला की आनंद करा, म्हणणारेही आहेत आमच्यात. मला नाही जमत."

"धर्म तुमच्यापाशी ठेवा. इथं लढा चाललाय."

त्यांनी खिळ्यांचा खण माझ्यापुढं सरकवला. "मग ती ओळ तुझ्या हातानं जुळव."

मी जुळवली. छापून हातात यायला आठवडा गेला. मुकादमाच्या दारासमोरच्या भिंतीवर पत्रकही मीच चिकटवलं, मुद्दाम उंचावर. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढ्यांचा खोका घेऊन त्याच गल्लीत शिरलो, तर त्याची बायको टाचा उंचावून उलथन्यानं भिंत खरवडत होती. मी कोण, ते तिला ठाऊक नव्हतं.

"भाऊ, तेवढं काढी द्या ना. मना हात पोचस नही. दवाखानामाईन त्या आज येतीन."

म्हणजे मुकादम आज घरी येणार होता. खोका खाली ठेवून, तिच्या हातातलं उलथनं घेऊन मी खरवडू लागलो. खळ मीच घट्ट शिजवली होती. कुलपाच्या ओळी सोलून निघाल्या. 'पेढे वाटा' भिंतीवरच राहिलं. तिनं ते वाचलं, मग खाली खोक्याकडं पाहिलं.

कुलपाबद्दलचं एकही अक्षर मी मागे घेत नाही. पण कुठं पेढ्यांचा खोका उघडला, की ते उलथनं माझ्या कानात भिंतीवर कर्र फिरतं.

तुम्हीही अशी एखादी ओळ कुणाच्या दारासमोर चिकटवली असेल. त्या घरचा माणूस परत यायच्या आत जा, आणि ती स्वतःच्या हातानं खरवडून काढा.